शिरोलीचा वजनकाटा

बाबगोंडा चौगुले, वजनकाट्यावरचा माणूस.
एकवीस वर्षं एकाच खिडकीत.
मी त्याला पाच मार्चअखेरींना पाहिलं,
पाचही वेळा गाडीच्या काचेतून.

फौंड्रीचं नाव सांगत नाही. हायवेला लागून
तिची पाटी होती, रात्री निळी पेटायची.
आम्ही ऑडिटवाले पोचलो की आधी जेवण.
तांबड्याची तिसरी वाटी आली
की फायलीची भूक मरते,
हे मगदूमसाहेबांना आमच्याआधी ठाऊक होतं.

आता आठवतं ते असं, क्रम न लावता.

विक्री दुप्पट झाली त्या वर्षी
भट्टीचं वीजबिल होतं तिथंच राहिलं.
मी विचारलं. ते म्हणाले, नवीन तंत्र, मॅडम.
मी लिहिलं : नवीन तंत्र.

येणं बाकी असलेल्या अकरा पार्ट्या.
त्यातल्या चार उद्यमनगरात एकाच जिन्यावर,
बंद शटरच्या वर.
पत्रं धाडली तर तिसऱ्या दिवशी होकार,
चौघांच्या शिक्क्यांची शाई एकाच जांभळ्या रंगाची.
एवढ्या लगबगीनं
कोण कबूल करतं देणं?

टिपुगडे अकाउंटंट कधी रजा घ्यायचा नाही.
मुलीच्या साखरपुड्यातही
मांडवाच्या कडेला लॅपटॉप उघडून बसलेला.
आम्ही त्याचं कौतुक केलं.
तो एक दिवस उठला असता
तर त्याच्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं असतं,
एवढीच त्या निष्ठेची गोष्ट.

नफा दर तिमाहीला चढायचा, पट्टीनं आखल्यासारखा.
पगार मात्र सात तारखेवरून बारावर,
बारावरून वीसवर घसरत गेला.
गेटबाहेरच्या चहावाल्यानं उधारी बंद केली,
त्याला ताळेबंद वाचता येत नव्हता.

आणि स्वतंत्र संचालक इंगवले सर,
निवृत्त प्राचार्य, पदार्थविज्ञानाचे.
लोखंड वितळायला किती उष्णता लागते
हे त्यांनी तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं.
ते भत्त्याचं पाकीट मोजायचे नाहीत.
इतिवृत्तही वाचायचे नाहीत.
सही मात्र सुरेख, मोडीच्या वळणाची.

माझीही सही आहे. पान त्रेचाळीस.
'सत्य व वाजवी चित्र' ह्या शब्दांच्या खाली.

मग बँकेची माणसं आली, पाटी विझली,
आणि चौकशीला जाताना
मी पहिल्यांदा काट्यापर्यंत चालत गेले.
बाबगोंडानं खिडकीतून
शाळेची दोनशेपानी वही पुढं केली.
गाडी नंबर, येताना, जाताना.
येताना रिकामी : नऊ हजार तीनशे चाळीस.
जाताना भरलेली : नऊ हजार तीनशे साठ.
पावतीवर माल सोळा टन.

हे वीस किलो कसले, मी विचारलं.
डायवरचं जेवान आन् हातरून, तो म्हणाला.

बोलला का नाहीस इतकी वर्षं?
'काटा माज्याकडं, पावती आत, त्येंच्या कॉम्प्युटरवर.
आन् तुमी काच कवा खाली केलासा?'

मी काही बोलले नाही.
पलीकडं कुणाची तरी भट्टी खरोखर पेटली होती,
तिचा करपट वास येत होता.
तो म्हणाला, उभारा की मॅडम काट्यावर.
का, कोण जाणे, मी उभी राहिले.
आकडा आला : साठ.
मग पिशवीतले पाच वर्षांचे अहवाल काढले,
छातीशी धरले, परत उभी राहिले.
साठच.

'वीसच्या खालचं ह्यो धरत न्हाई,' तो म्हणाला
आणि वहीत नोंद केली.
तारीख टाकली, वेळ टाकली.
गाडी नंबरच्या रकान्यात
क्षणभर पेन थांबवलं,
आणि माझं नाव विचारलं.